पंचेचाळीस मिनिटांचा धडा, दहा मिनिटांचा खाऊ

पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका मूळच्या नाशिक जिल्ह्यातल्या. गेली सहा वर्षं त्या कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या आसपास, तीन वर्षांखालच्या मुलांना सेवा देणाऱ्या एका संस्थेत स्पीच थेरपिस्ट आहेत. त्यांच्याकडच्या निम्म्याहून अधिक घरांत स्पॅनिश बोललं जातं. ऑटिझमचं निदान झालेल्या किंवा तशी शंका असलेल्या मुलांच्या पालकांसाठी संस्थेने एक इंग्रजी ऑनलाइन कोर्स विकत घेतला. दहा धडे, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं, प्रत्येकानंतर चाचणी. स्पॅनिश सबटायटल्स मशीनकडून करून घेतली. २३ कुटुंबांनी नावं घातली, शेवटपर्यंत पोचली ४. वरिष्ठ म्हणतात, 'या पालकांना रसच नाही, पुढच्या वर्षी पैसे दुसरीकडे वळवू.' बाईंना ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. नीट भाषांतर करून घ्यावं की ऑनलाइन सोडून पुन्हा घरभेटींकडे वळावं? त्यांची स्वतःची स्पॅनिश कामापुरती. मग हे काम आपण करावं का, हीही शंका. शिवाय एक आई सारखी विचारते, 'डॉक्टरांनी घरात फक्त इंग्रजी बोलायला सांगितलंय, तसं करू का?'

उत्तर:

ताई, आधी तुमच्या वरिष्ठांचं वाक्य तपासू. ज्याला रस नाही तो नाव घालत नाही. या २३ घरांनी इंग्रजी पानावर खातं उघडलं, पासवर्ड ठरवला, बहुधा कुणाच्या तरी मदतीने ईमेल पत्ताही काढला. एवढं केल्यावर ती थांबली, तर कुठे थांबली हे बघायला हवं. कोर्स चालवणाऱ्याला दिसणाऱ्या पानावर प्रत्येक खात्याचा शेवटचा दिवस आणि शेवटचा धडा नोंदलेला असतो. ती यादी काढा आणि कोण कुठे अडलं ते एका कागदावर मांडा.

पहिल्या लॉगिननंतर कुणी परतच आलं नसेल, तर घोळ पासवर्डचा आहे. ज्या घरात सगळा व्यवहार फोन नंबर आणि व्हॉट्सअॅपवर चालतो, तिथे ईमेल उघडून त्यातली लिंक दाबणं हेच एक काम होऊन बसतं. पहिल्या चाचणीपाशी गर्दी थांबली असेल, तर 'इतके टक्के मिळाल्याशिवाय पुढचा धडा उघडणार नाही' ही अट काढून टाका. शाळा सहावीत सुटलेल्या बाईला आपल्याच मुलाबद्दलच्या परीक्षेत नापास करून आपण काय मिळवतो? आणि सगळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळले असतील, तर कॅलेंडर बघा. नाशिककडच्या माणसाला द्राक्षाचा हंगाम म्हणजे काय ते सांगायला नको. तिकडे तो ऑगस्ट-सप्टेंबरात ऐन भरात असतो, बदामही त्याच सुमाराला उतरतो. पहाटे चारला घर सोडणाऱ्या माणसाला संध्याकाळी पंचेचाळीस मिनिटांच्या धड्याला बसवून 'रस नाही' म्हणणं अन्यायाचं आहे. तुमची तुकडी ऑगस्टमध्ये सुरू झाली असेल, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

आता भाषांतराकडे येऊ. तुम्ही 'चांगलं भाषांतर' हा उपाय धरला आहे. तो हवाच, पण तेवढ्याने भागणार नाही.

सबटायटल्स या माध्यमातच अडचण आहे. सहा इंची पडदा, मांडीवर दोन वर्षांचं मूल, मागे टीव्ही. अशा वेळी कुणी खालच्या दोन ओळी वाचत नाही; कान मात्र मोकळे असतात. म्हणून बोललेला आवाज हवा, तोही त्या भागातल्या बाईचा. इंग्रजीपेक्षा स्पॅनिश मजकूर साधारण पाचव्या हिश्श्याने लांब होतो, त्यामुळे तेवढ्याच चित्रावर आवाज बसवायला गेलात तर बोलणारी धापा टाकते. धडा छाटूनच आवाज चढवा. पंचेचाळीस मिनिटांतून सहा-सात मिनिटं उरली तरी फारसं काही गमावलेलं नसतं. बाकीचं बहुधा तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी बोललेलं असतं. मात्र एक सांभाळा. विकत घेतलेला कोर्स असा कापायचा, त्यावर दुसरा आवाज चढवायचा हक्क परवान्यात आहे का ते आधी वाचा. मशीनची सबटायटल्स लावण्याची तरी परवानगी होती का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. अनेक प्रकाशक लेखी विचारलं की हो म्हणतात.

मग शब्द. मशीन 'ट्रेनिंग'चं 'एन्त्रेनामिएन्तो' करतं. तो शब्द चुकीचा नाही, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर व्यायामशाळा येते, नाहीतर कुत्र्याला शिकवणं. 'तायेर', म्हणजे कार्यशाळा, हा शब्द लोक सहज वापरतात. 'रिइन्फोर्सर'चं, म्हणजे बक्षिसासारख्या आवडीच्या गोष्टीचं, 'रेफोर्सादोर' केलं की काही कळत नाही. आपल्याकडे 'प्रबलन' म्हटल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे उमटतं, तेच तिथे उमटतं. 'त्याला आवडणारी गोष्ट लगेच द्या' असं सरळ वाक्य लिहा. 'प्रॉम्प्ट'साठी, म्हणजे मुलाला दिलेल्या हलक्या इशाऱ्यासाठी, 'आयुदा', म्हणजे मदत, पुरेसा आहे. लहान मुलाच्या आकांडतांडवाला मेक्सिकन घरात 'बेरिंचे' म्हणतात. पण त्या शब्दात हट्टाचा वास आहे. धड्यात सगळीकडे 'बेरिंचे' लिहिलंत, तर 'मूल लाडावलंय' या आजीच्या मताला तुमचाच दुजोरा मिळाल्यासारखं होईल. आवाज, उजेड, अंगाला टोचणारा कपडा यांनी मुलाचा तोल जातो तेव्हा काय झालं ते वर्णन करून सांगा, नाव देऊ नका.

संबोधन तर मराठी माणसाला समजावून सांगावंच लागत नाही. स्पॅनिशमधलं 'तू' हे आपल्या 'तू'सारखंच आहे, उच्चारासकट. आणि 'उस्तेद' म्हणजे आपलं 'तुम्ही'. मशीन एका पानावर आईला 'उस्तेद' म्हणतं आणि पुढच्या ओळीत 'तू' करतं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द असल्याने तपासणाऱ्याला ते दिसत नाही. सगळीकडे 'उस्तेद' ठेवा.

आणि स्पॅनिश एकच नाही. दूध प्यायच्या नळीला मेक्सिकोत 'पोपोते', ग्वातेमालात 'पाहिया' आणि कोलंबियात 'पितियो' म्हणतात. 'ग्वाग्वा' म्हणजे क्युबा-पोर्तो रिकोच्या माणसाला बस, चिलीच्या माणसाला तान्हं बाळ. नळीने फुंकायचा खेळ शिकवणार असाल तर पडद्यावर नळी दाखवा, शब्दावर विसंबू नका. भाषांतर दुसऱ्या भाषांतरकाराकडून उलट इंग्रजीत करून तपासण्यापेक्षा तीन आयांना ते मोठ्याने वाचायला सांगा आणि 'हे तुमच्या बहिणीला कसं सांगाल?' असं विचारा. जिथे त्या अडखळतील तिथे वाक्य बदला. दीड तासाचं काम आहे, पण त्यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्या कित्येक घरांची भाषा मिश्तेको किंवा सापोतेको असते, ग्वातेमालाहून आलेल्यांची माम किंवा किचे. स्पॅनिश त्यांची कामाची भाषा, जशी आपल्याकडे नंदुरबारच्या भिल्ल मजुराची मराठी. अर्जावर 'स्पॅनिश' असं लिहिलं जातं कारण पर्यायच दोन असतात. 'घरात मुलाशी कोणत्या भाषेत बोलता?' हा प्रश्न तोंडी विचारा.

ऑनलाइन सोडून घरभेटी का, या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे: ऑनलाइन सोडू नका, धडे कमी करा आणि माणूस वाढवा. मिशिगन स्टेट विद्यापीठात ब्रुक इंगरसोल यांच्या गटाने आपला पालक-प्रशिक्षण कार्यक्रम ऑनलाइन आणला, तेव्हा एका गटाला नुसते धडे दिले आणि दुसऱ्याला त्याच धड्यांबरोबर व्हिडिओवरून प्रशिक्षकाची साथ. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेत साथ मिळालेल्या पालकांची कौशल्यं अधिक सुधारली. कान्सास विद्यापीठातल्या मंडळींनीही ऑनलाइन धडे आणि थेट मार्गदर्शन यांची जोड घातलेला कार्यक्रम हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या, कुटुंबांसाठी बदलून पाहिला आहे. आणि सांद्रा मागान्या यांनी लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, पालकांसाठी उभा केलेला चौदा आठवड्यांचा कार्यक्रम भाषांतरातून आलाच नाही. तो स्पॅनिश बोलणाऱ्या घरांसाठीच रचला गेला. तो शिकवायला तज्ज्ञ जात नाहीत, तर प्रशिक्षण घेतलेल्या 'प्रोमोतोरा' जातात, म्हणजे त्याच समाजातल्या, स्वतः ऑटिझम असलेल्या मुलांच्या आया. त्यात सुरुवातीचे आठवडे मुलाची वाढ, ऑटिझम आणि सेवा मिळवण्याचे हक्क समजून घेण्यात जातात. मुलाबरोबर काय करायचं ते त्यानंतर. हा क्रम लक्षात ठेवा, त्याकडे परत येऊ.

मग प्रत्यक्ष काय करायचं? प्रत्येक घरासाठी आठवड्याला सहा-सात मिनिटांचा एक आवाजी धडा आणि तीस मिनिटांचा एक कॉल, असे आठ आठवडे. कॉलमध्ये शिकवायचं नाही. आई आणि मूल रोज करतात त्यातली एक गोष्ट समोर करू द्यायची.

उदाहरण खाऊचं घेऊ. आंघोळीची वेळ फार छान असते, पण ती कॅमेऱ्यावर नको, उघड आहे. खाऊसाठी झाकणाचा पारदर्शक डबा, त्यात मुलाला मनापासून आवडणारं काहीतरी, बारीक तुकडे करून. मूल खुर्चीत, आई त्याच्या समोर, डोळ्यांच्या उंचीवर. फ्रेस्नोतल्या घरात ती जमिनीवर बसेल किंवा पालथ्या बादलीवर. धड्यातल्या चित्रातलं लाकडी खेळण्यांचं दालन तिच्याकडे नाही. एक तुकडा द्यायचा. दुसरा डब्यात, झाकण लावून, मुलाच्या हाताशी. आता आईने गप्प बसून मनात पाचपर्यंत मोजायचं. मुलाने डबा ढकलला, आईकडे पाहिलं, हात पुढे केला, 'अं' केलं, यातलं काहीही चालेल. त्या क्षणी एकच शब्द, 'मास', म्हणजे 'अजून', आणि लगेच तुकडा. मूल एक शब्द बोलत असेल तर आईने दोन म्हणायचे, 'मास मांगो'. त्याने ते परत म्हणावं म्हणून अडून बसायचं नाही.

चूक नेमकी इथे होते. आई 'म्हण मास, म्हण मास' असा धोशा लावते आणि खाऊची परीक्षा होते. किंवा पाचऐवजी वीसपर्यंत थांबते आणि मूल रडायला लागतं. मग त्याला शिकायला मिळतं ते एवढंच की रडलं की डबा उघडतो. तिसरी चूक आपण करतो: जेवणच अडवून ठेवायला सांगतो. कधीच नाही. पोटभर जेवण झाल्यावरचा आवडीचा खाऊ तेवढा वापरायचा. जे मूल मोजून तीन-चार पदार्थच खातं, त्याच्या बाबतीत खाऊला हातही लावू नका; साबणाचे फुगे घ्या, डबीचं झाकण घट्ट लावून.

कॅमेऱ्याचीही एक गंमत आहे. घरातला फोन हाच मुलाचा यूट्यूब असतो. तो समोर उभा केला की मूल खाऊ सोडून फोनकडे धावतं आणि आई शरमते. म्हणून पुढचा नाही, मागचा कॅमेरा वापरायला सांगा, म्हणजे पडदा भिंतीकडे जातो. फोन आडवा, राजम्याच्या दोन डब्यांच्या फटीत, मुलाच्या छातीच्या उंचीवर, पाच-सहा फुटांवर. खिडकी फोनच्या मागे हवी. मुलाच्या मागे असली तर चेहरा काळा दिसतो. आईच्या एका कानात ब्लूटूथ, दुसरा मुलासाठी मोकळा. टीव्ही बंद. अर्ध्या तासाच्या कॉलला पाव ते पाऊण जीबी डेटा जातो, महिन्याचा हिशेब संस्थेने करावा आणि कमी पडणाऱ्या घरांना रिचार्ज द्यावा. दहा धड्यांच्या परवान्यापेक्षा तो स्वस्त पडेल.

कॉलची पहिली पाच मिनिटं आठवडा कसा गेला यासाठी. मग दहा मिनिटं खेळ किंवा खाऊ. त्यात तुम्ही जवळपास गप्प. शेवटी आधी आईला विचारा, 'यातलं काय जमलं असं वाटतं?', आणि मग तुम्ही पाहिलेली एक गोष्ट नेमकी सांगा. 'छान केलंत' याला अर्थ नाही. 'तुम्ही थांबलात तेव्हा त्याने वर पाहिलं' याला आहे. 'समजलं का?' असा प्रश्न तर विचारूच नका. मोठ्या माणसाला, त्यातही तज्ज्ञाला 'नाही' म्हणणं त्या घरांत उद्धटपणाचं समजतात, आपल्याकडेही समजतातच. उत्तर 'सी, सी', म्हणजे 'हो, हो', असंच येईल. 'आजीला कसं करून दाखवाल ते मला दाखवा', म्हणा.

आजीवरून आठवलं: लॉगिन फक्त आईच्या नावाचं का? मूल दिवसभर आजीकडे असेल तर शिकायला हवं आजीने. बाप म्हणणार, 'मीसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हतो.' हे वाक्य खानदेशातही ऐकू येतं आणि मेक्सिकोतल्या मिचोआकानमध्येही. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला एका रविवारी दहा मिनिटं खाऊ द्यायला बसवा.

आता तुमच्या कामापुरत्या स्पॅनिशबद्दल. थेरपिस्टने एक वाक्य बोलायचं, मग दुभाष्याने ते सांगायचं, ही पद्धत बैठकीत चालते. खेळात चालत नाही, कारण वाक्य पोचेपर्यंत मूल डबा सोडून निघून गेलेलं असतं. त्यामुळे दुभाष्याला कॉलच्या आधी दहा मिनिटं भेटा, आज काय करणार ते सांगा आणि बारा-पंधरा छोट्या सूचना ठरवून द्या. 'एस्पेरे', म्हणजे थांबा. 'सीगालो', तो नेईल तिकडे जा. 'इमीतेलो', त्याची नक्कल करा. आणि जमलं की नुसतं 'एसो!', म्हणजे 'अस्संच!'. एवढी स्पॅनिश तुमच्याकडे आहेच. खेळाच्या दहा मिनिटांत ती तुम्हीच बोला आणि आधीच्या व नंतरच्या गप्पांसाठी दुभाष्या ठेवा. घरातल्या अकरा वर्षांच्या ताईला मात्र दुभाषी करू नका. अमेरिकेच्या आरोग्यसेवा कायद्यातल्या कलम १५५७ नुसार तातडीच्या प्रसंगाशिवाय अल्पवयीन मुलांना या कामाला लावता येत नाही. आणि भावाबद्दल आई जे बोलेल ते त्या मुलीने का ऐकावं?

तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे असं वाटतं: मी त्यांच्यातली नाही, मग हे मी करू का? करा, पण एकट्याने नको. प्रोमोतोरा नेमा, तासाचे पैसे देऊन. सेवाभावावर चालणारी प्रोमोतोरा चार महिन्यांत थकते. तिचं काम असं: आदल्या संध्याकाळी व्हॉइस मेसेज पाठवणं, पहिल्या कॉलच्या आधी घरी जाऊन फोन लावून देणं, डब्यांची फट शोधणं, आणि तुम्हाला न सांगितलेलं ऐकणं. निदान, औषध, 'बरा होईल का' यावर तिने बोलायचं नाही, आणि ते तिला आधीच नीट सांगायचं. आठवड्याला एक तास तुम्ही तिच्याबरोबर बसायचं.

व्हॉट्सअॅप हे निरोपापुरतंच. मुलाचं नाव, निदान, व्हिडिओ त्यावर नको. अमेरिकेतल्या आरोग्य-गोपनीयतेच्या कायद्याखाली लागणारा करार तिथे मिळत नाही. असा करार करणाऱ्या व्हिडिओ सेवा आहेत, संस्थेकडे बहुधा एखादी असेलच. कॉल रेकॉर्ड करायचा तर दर वेळी विचारून, आणि कुठे ठेवणार, कधी पुसणार हे स्पॅनिशमध्ये सांगून. एका घरात दोन कुटुंबं राहत असतील तर मागून कोण चालत जाईल याची त्या बाईला धास्ती असते. कॅमेरा भिंतीच्या कोपऱ्याकडे वळवायला सांगा. नोंदणीच्या अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर किंवा स्थलांतराच्या कागदांविषयी रकाना असेल तर तो काढा. तो न भरताच किती जण मागे फिरले असतील याची यादी कुणाकडेच नसते.

वरिष्ठांना काय दाखवणार? 'धडे पूर्ण' हा आकडा सोडा. सुरुवातीला, चौथ्या आणि आठव्या आठवड्याला दहा-दहा मिनिटं पाहा आणि दोनच गोष्टी मोजा: आई किती वेळा थांबली किंवा मुलामागे गेली, आणि मुलाने किती वेळा स्वतःहून नजर, हात किंवा आवाज पुढे केला. आधी आईचा आकडा हलतो, मुलाचा मागाहून. आठ आठवड्यांत शब्द फुटतील असं वचन कुणालाच देऊ नका. शिवाय एक बाब त्यांच्या कानावर घाला. वर्षानुवर्षं अमेरिकेत हिस्पॅनिक मुलांमध्ये ऑटिझमची नोंद कमी दिसायची, कारण ती मुलं ओळखलीच जात नव्हती. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या, सीडीसीच्या, २०२३ साली आलेल्या अहवालात पहिल्यांदा त्यांचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त निघालं. ही घरं तुमच्या दारात येतच राहणार आहेत.

क्रमाकडे परत येते. पहिल्या दोन आठवड्यांतच हक्कांवर एक धडा ठेवा, शेवटी नको. तुमच्याकडची सेवा मूल तीन वर्षांचं होताच संपते आणि जबाबदारी शाळा-जिल्ह्याकडे, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडे, जाते. त्या संक्रमणाची बैठक तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी व्हायला हवी आणि आईची संमती तिच्या भाषेत घ्यायला हवी, असं केंद्रीय कायदा सांगतो. हे ज्या आईला आठव्या आठवड्यात कळतं, तिचं मूल कधीकधी आधीच तीन वर्षांचं झालेलं असतं. शिवाय या धड्याचा लगेच उपयोग होतो आणि त्यामुळे माणसं पुढच्या कॉलला येतात.

राहिला त्या आईचा प्रश्न, घरात फक्त इंग्रजी बोलू का. नाही, स्पॅनिश सोडायची नाही. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांची भाषा त्यामुळे आणखी मागे पडते, असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट ज्या भाषेत आईला विनोद करता येतो, रागावता येतं, अंगाई म्हणता येते, ती काढून घेतली तर तिच्याकडे उरतात 'कम', 'सिट', 'नो'. मूल भाषा शिकतं ते गप्पांतून, आणि गप्पाच आटतात. जेवणाच्या टेबलाशी सगळे स्पॅनिशमध्ये हसताहेत आणि ज्याला आधीच माणसांत मिसळणं जड जातं त्याच्याशी तेवढं इंग्रजी, हे कसले उपचार? न्यू जर्सीतल्या मराठी आयांनाही हाच सल्ला मिळतो आणि त्याही निमूटपणे पाळतात, म्हणून त्यांच्यासाठीही इथे लिहिते आहे. मुलाला बोलक्या टॅबलेटची, म्हणजे चित्र दाबलं की त्याच्यासाठी शब्द बोलणाऱ्या यंत्राची, गरज लागली तर त्यावर दोन्ही भाषांची पानं ठेवता येतात का ते घेण्याआधी विचारा. आणि डॉक्टरांना आईकरवी निरोप धाडू नका, तुम्ही संस्थेच्या कागदावर चार ओळी लिहून पाठवा. डॉक्टर आणि थेरपिस्ट यांच्या मधोमध तिला उभं करणं बरं नाही.

या आठवड्यात फोन करायला बसाल तेव्हा गळलेल्या १९ घरांना 'कोर्स का सोडला?' असं विचारू नका, ते उलटतपासणीसारखं वाटतं. 'दिवसातली कोणती वेळ सगळ्यात अवघड जाते?' असं विचारा. पहिल्या कॉलला काय करायचं ते त्यातूनच कळेल. पूर्ण केलेल्या ४ घरांनाही फोन करा, त्यांनी ते कसं निभावलं हे कुणी विचारलेलंच नसेल. कदाचित कळेल की एका घरी मोठी बहीण प्रत्येक पान वाचून दाखवायची, दुसरीकडे नवऱ्याची रात्रपाळी होती. आणि त्या चौघींतली एखादी शेजारणीला आत्ताच हे शिकवत असेल, तर तुमची प्रोमोतोरा तीच. तिचं मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा, डबिंगचा खर्च त्याच्या खाली.